पायऱ्या पाठ आहेत, तरी प्रॉब्लेम सुटत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की स्टेप-बाय-स्टेप पद्धतीचं ट्रेनिंग झालंय, प्रॉब्लेम लिहा, कारण शोधा, पर्याय काढा, एक निवडा, करा, तपासा हे सगळं पाठ आहे, पण खरं काम समोर आलं की अडतंच, प्लॅन केला तरी दुसऱ्या आठवड्यात कोलमडतो, मग या पायऱ्यांचा खरंच उपयोग होतो का. मी मेंटेनन्समध्ये सुरुवात केली, नंतर प्रोजेक्ट प्लॅनिंगला आलो, एकूण २२ वर्षं झाली, त्यामुळे माझी उदाहरणं मशीनची जास्त असतील, पण मुद्दा कुठल्याही कामाला लागू पडतो.

उपयोग होतो, खूप होतो. फक्त बहुतेक लोक पायऱ्या भराभर चढून वर जायचं असं समजतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. माझ्या मते पायरी ही थांबायची जागा आहे. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी हातात काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते असं लिहिलेलं असलं पाहिजे की त्या कामातला दुसरा माणूस ते वाचून म्हणू शकेल, हे चूक आहे. असं काही हातात नसेल तर ती पायरी झालेली नाही, मीटिंगमध्ये कितीही चर्चा झाली असली तरी.

पायऱ्या चार की सहा की आठ यात अजिबात अडकू नका. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये चार सांगितल्या होत्या: प्रश्न समजून घ्या, योजना करा, योजना पार पाडा, मागे वळून बघा. कारखान्यात पीडीसीए (प्लॅन, डू, चेक, अ‍ॅक्ट) म्हणतात त्याही चारच, ऑटोमोबाइलवाल्यांची प्रॉब्लेम सोडवायची एट-डी पद्धत आठ टप्प्यांची. सांगाडा एकच आहे.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्या कारण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एखादी गोष्ट नीट चालत होती आणि आता चालत नाहीये, हा एक प्रकार, त्यात कारण शोधायचं असतं. एखादी गोष्ट अजून अस्तित्वातच नाही आणि उभी करायची आहे, हा दुसरा प्रकार, त्यात कारण शोधून काही मिळत नाही, तिथे प्लॅन लागतो. लोक पहिल्या प्रकारात थेट प्लॅन करायला बसतात आणि दुसऱ्या प्रकारात कारणं शोधत बसतात. दोन्हीची पद्धत वेगळी आहे, म्हणून वेगवेगळं सांगतो.

पहिला प्रकार. माझ्याकडची एक केस सविस्तर सांगतो कारण त्यात सगळ्या पायऱ्या दिसतात. एका प्लांटमध्ये पाण्याचा एक पंप सारखा ट्रिप व्हायचा म्हणजे आपोआप बंद पडायचा, मोटरने जास्त करंट ओढला तर ती बंद करणारा ओव्हरलोड रिले उडायचा. दोन आठवड्यांत ९ वेळा. मी तिथे पोचलो तोपर्यंत मोटरचं बेअरिंग बदललं होतं, रिले बदलला होता, शेवटी अख्खी मोटर बदलली होती आणि तरीही ट्रिप चालूच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि ही टीम अडाणी नव्हती, अनुभवी माणसं होती. पण लॉगबुकमध्ये पहिल्या दिवशी प्रॉब्लेम म्हणून एकच वाक्य लिहिलं होतं: 'मोटर ओव्हरलोड होत आहे'.

हे वाक्य परत वाचा. यात प्रॉब्लेम नाहीच, यात कारण आहे, तेही कोणी न तपासलेलं. दिसलेली गोष्ट एवढीच होती की रिले ट्रिप झाला. मोटरवर जास्त लोड आला हा त्यातून काढलेला अंदाज. आणि एकदा तो अंदाज प्रॉब्लेमच्या जागी लिहिला गेला की पुढच्या सगळ्या पायऱ्या मोटरकडेच जाणार, मग तुम्ही कितीही शिस्तीत त्या पायऱ्या चढा.

म्हणून आम्ही वाक्य नव्याने लिहिलं: 'अमुक पंपाचा ओव्हरलोड रिले गेल्या दोन आठवड्यांत ९ वेळा ट्रिप झाला.' बस. कशात, काय झालं, कधीपासून, किती वेळा. त्यात 'कारण', 'मुळे', 'नसल्याने', 'हवंय' यातला एकही शब्द नको. माझा साधा नियम आहे की प्रॉब्लेमच्या वाक्यात हे शब्द आले की खोडून परत लिहायचं. 'ट्रेनिंग नसल्याने चुका होतात' हा प्रॉब्लेम नाही. 'आपल्याला नवीन सॉफ्टवेअर हवंय' हा तर प्रॉब्लेम नाहीच, ते उत्तर आहे आणि त्याचा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

मग दोन रकाने केले, 'आहे' आणि 'नाही'. ही पद्धत केपनर आणि ट्रेगो या दोन अमेरिकन संशोधकांनी रूढ केली आणि माझ्या मते कारण शोधायच्या सगळ्या पद्धतींमध्ये हिच्याइतकी कामाची दुसरी नाही. 'आहे' मध्ये लिहायचं की प्रॉब्लेम कुठे, कधी, किती दिसतो. 'नाही' मध्ये लिहायचं की कुठे, कधी दिसू शकला असता पण दिसत नाही. लोक दुसरा रकाना टाळतात कारण त्यात काय लिहायचं ते पटकन सुचत नाही, पण अर्धी माहिती तिथेच असते. आमच्या कागदावर आलं ते असं: ट्रिप होतो तो या पंपाचा, शेजारच्या जुळ्या पंपाचा होत नाही, मॉडेल तेच, रिले त्याच मेकचा. ट्रिप होतो तो दुपारी १ ते ५ मध्ये, रात्री एकदाही नाही, सकाळी एकदाही नाही. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर करंट २३-२४ अँपिअर, रिलेचं सेटिंग २८. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष होती, तिने कधी मर्यादा ओलांडलीच नव्हती.

आता प्रश्न बदलला. 'मोटर का ओढतेय' याऐवजी 'या पंपात आणि जुळ्या पंपात फरक काय, दुपारमध्ये आणि रात्रीमध्ये फरक काय, आणि ट्रिप सुरू व्हायच्या आधी काय बदललं'. जुळ्या पंपाचा स्टार्टर, म्हणजे रिले जिथे बसवलेला असतो तो भाग, वेगळ्या पॅनेलमध्ये होता. आणि आपल्या पंपाच्या पॅनेलमध्ये साधारण तीन आठवड्यांपूर्वी एका फॅनसाठी नवीन ड्राइव्ह (फॅनचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) बसवला होता, जागा होती म्हणून नेमका रिलेच्या खाली. ड्राइव्हची गरम हवा वर जाते. तो फॅन दुपारी फुल स्पीडने चालायचा, रात्री हळू. पॅनेलचा एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला. ओव्हरलोड रिलेच्या आत बाय-मेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेली पट्टी असते, करंटने ती तापते, वाकते आणि ट्रिप देते, म्हणजे तो रिले मुळात उष्णताच मोजत असतो, आजूबाजूची हवा एका मर्यादेपलीकडे तापली की कमी करंटलाही उडतो. रिलेपाशी तापमान घेतलं, सकाळी ४१ डिग्री, दुपारी ६८.

इथे सगळे खूश झाले आणि ड्राइव्ह हलवायला निघाले. मी थांबवलं. कारण सापडलं असं वाटणं आणि कारण सिद्ध होणं यात अजून एक पायरी आहे, कारण चालू-बंद करून बघायची. परमिट घेतलं, बॅरिकेड लावलं आणि पॅनेलचं दार उघडं ठेवून सहा दिवस चालवलं, एकही ट्रिप नाही. दार बंद केलं, दुसऱ्याच दुपारी ट्रिप. आता कागदावर लिहायला हरकत नाही. ड्राइव्ह वेगळ्या बॉक्समध्ये हलवला, फिल्टर साफ करणं महिन्याच्या शेड्यूलमध्ये टाकलं, आणि कुठल्याही पॅनेलमध्ये नवीन वस्तू बसवायची तर आतल्या उष्णतेचं काय हा एक प्रश्न बदलाच्या फॉर्ममध्ये वाढवला. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो, आणि मग तोच प्रॉब्लेम वर्षभराने दुसऱ्या पॅनेलमध्ये उगवतो.

एक गोष्ट राहिली. दरम्यानच्या काळात पाणी बंद ठेवता येत नाही, मग शोध चालू असताना काय करायचं? आम्ही दुपारपुरता स्टँडबाय पंप चालवला. एट-डीमध्ये यासाठी स्वतंत्र टप्पाच आहे, मूळ कारण शोधण्याच्या आधीचा, तात्पुरता बंदोबस्त. तो जरूर करा, पण कागदावर त्याच्यापुढे 'तात्पुरता' असा शब्द आणि काढायची तारीख लिहा. तात्पुरत्या गोष्टी कायमच्या होतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की याबाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

पाच वेळा 'का' विचारायची पद्धत तुम्हाला शिकवली असेलच. चांगली आहे, टोयोटाच्या तायिची ओनो यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: मशीन थांबलं कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण बेअरिंगला पुरेसं ऑइल नव्हतं, कारण ऑइल पंप नीट खेचत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. वाचायला एकदम सरळ वाटतं. पण ती सरळ आहे कारण प्रत्येक 'का' चं उत्तर मशीन उघडून बघितलेलं आहे. खुर्चीत बसून पाच वेळा 'का' विचारलं तर पाच अंदाजांची माळ होते, आणि दुसऱ्याच 'का' ला एक चुकला की उरलेले तिन्ही वाया. शिवाय एका 'का' ला दोन उत्तरं असू शकतात, आमच्या केसमध्ये ड्राइव्हही होता आणि फिल्टरही होता.

अजून एक, 'माणसाने चूक केली' या उत्तरावर 'का' कधीच थांबवू नका. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवीन विमान टेस्टिंगला उडालं आणि लगेच कोसळलं, दोघांचा जीव गेला. जमिनीवर असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून विमानाच्या कंट्रोल्सना लॉक लावतात, ते काढायचं राहून गेलं होतं. चालवणारा पायलट अत्यंत अनुभवी होता. पायलटची चूक म्हणून फाइल बंद करता आली असती, आणि पुढच्या पायलटांना नीट लक्ष द्या असं सांगता आलं असतं. त्याऐवजी असा विचार झाला की एवढ्या गोष्टी एका माणसाने डोक्यात ठेवायच्या हेच चूक आहे, आणि त्यातून पायलटांची चेकलिस्ट आली. 'लक्ष ठेवा', 'काळजी घ्या' हा उपाय नसतो, कोणाच्याही अॅक्शन प्लॅनमध्ये हे शब्द दिसले की मी तो परत पाठवतो.

आणि 'आहे-नाही' चं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण मशीनचं नाहीच. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते, पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या वॉर्डात बाळंतज्वराने साधारण १० टक्के बायका दगावायच्या, दुसऱ्यात साधारण ४ टक्के. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने एकेक शक्यता घेतली. गर्दीमुळे? पण दुसऱ्या वॉर्डात गर्दी जास्त. हवेमुळे? हवा दोन्हीकडे तीच. कुशीवर झोपवून बघितलं, फरक नाही. मरणाऱ्यांसाठी घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीच्या भीतीमुळे? त्याचा रस्ता बदलून बघितला, फरक नाही. मग १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी प्रेत चिरताना विद्यार्थ्याची सुरी लागून गेला, आणि त्याची लक्षणं त्या बायकांसारखीच निघाली. दोन वॉर्डांतला फरक तेव्हा लक्षात आला, विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला यायचे, सुइणी शवविच्छेदन करतच नव्हत्या. मे महिन्यात क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. जंतूंमुळे असे रोग होतात हे तेव्हा मान्य झालेलं नव्हतं, तरी दोन रकान्यांनी त्याला तिथवर नेलं. पुढे मात्र त्याने हे सविस्तर छापलं ते थेट १८६१ मध्ये, आणि बहुतेकांनी वर्षानुवर्षं ते मान्य केलं नाही. म्हणून शोधून झालं की ते इतरांना कळेल असं लिहून त्यांच्यापर्यंत पोचवणं ही पायरी मी कधीच वगळत नाही.

आता दुसरा प्रकार, प्लॅन. इथे तुमचा प्लॅन दुसऱ्या आठवड्यात का कोलमडतो त्याचं उत्तर आहे.

प्लॅन सुरुवातीपासून शेवटाकडे न करता शेवटापासून उलटा करा. 'काम झालं' म्हणजे नक्की काय दिसेल ते आधी लिहा. 'रिपोर्टिंग सिस्टीम तयार' असं नाही, 'महिन्याच्या ३ तारखेला रिपोर्ट कोणीही हाताने न जोडता निघतो' असं. मग विचारा, हे होण्याच्या लगेच आधी काय झालेलं असलं पाहिजे? आणि त्याच्या आधी? असं आज करता येईल अशा कामापर्यंत या. सुरुवातीपासून निघालं की जे येतं, जे आवडतं ती कामं यादीत वर जातात, उलटं आलं की जे लागतंच तेच उरतं, आणि विसरलेल्या गोष्टी, म्हणजे कोणाची तरी परवानगी, कुठून तरी यायचा डेटा, या आपोआप वर येतात. प्रत्येक ओळ क्रियापदाने संपवा. 'डेटा' हे काम नाही, 'मागच्या १२ महिन्यांचा डेटा तपासून घेणे' हे काम आहे.

मग वेळ. यात माणूस स्वतःला फसवतो, मुद्दाम नाही, पण फसवतो. १९७९ मध्ये कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी याला नियोजनाचा भ्रम असं नाव दिलं. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, सरासरी ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५-५६. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला! त्यामुळे 'थोडा बफर ठेवू' याने काम भागत नाही. मागच्या अशाच कामाला खरोखर किती दिवस लागले ते काढा आणि तिथून सुरुवात करा, हे काम वेगळं आहे असं मन सांगेल, त्याचं ऐकू नका. जुनं रेकॉर्ड नसेल तर तीन आकडे काढा, सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि बिघडलं तर. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट नावाची पद्धत आली तिचं सूत्र साधं आहे, मधल्या आकड्याला चारने गुणा, दोन्ही टोकं मिळवा, सहाने भागा. २, ४ आणि १२ दिवस असतील तर २ अधिक १६ अधिक १२ म्हणजे ३०, भागिले ६, उत्तर ५. तुम्ही प्लॅनमध्ये ४ लिहिलं असतं. एकापाठोपाठ एक अशी दहा कामं असतील तर प्रत्येक कामातला हा एक दिवस मिळून दहा दिवस होतात, आणि तुमचा दुसरा आठवडा इथेच जातो.

मग प्लॅन सुरू करण्याआधी टीमला अर्धा तास बसवा आणि सांगा: सहा महिने झालेत, हे काम पूर्ण फसलंय, का फसलं ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती आहे. 'काय चुकू शकतं' असं विचारलं की लोक गप्प बसतात कारण ते साहेबांच्या प्लॅनवर शंका घेतल्यासारखं होतं, पण 'फसलंय, कारण सांगा' म्हटलं की तोच माणूस पाच कारणं लिहितो. मी हे करायला लागल्यापासून सगळ्यात उपयोगी कारणं नेहमी सगळ्यात ज्युनियर माणसाच्या कागदावर मिळाली आहेत. त्यातली जी दोन-तीन सगळ्यात धोक्याची, ती कामं प्लॅनमध्ये आधी आणा. सोपी कामं आधी उरकून ६० टक्के झालं असं दाखवणं मनाला बरं वाटतं, पण अवघड काम जमणारच नसेल तर ते पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं.

प्लॅन चालू झाल्यावर दर आठवड्याला एकच प्रश्न विचारा, 'किती टक्के झालं' नाही, 'कोणती ओळ पूर्ण संपली'. टक्के कोणीही सांगतो. अर्धवट ओळ म्हणजे शून्य धरा, थोडं कठोर वाटेल पण खरी परिस्थिती दोन आठवडे आधी कळते, आणि तेव्हा हातात अजून पर्याय असतात.

पायऱ्या मागेही जातात हे कोणी नीट शिकवत नाही. आमच्या पंपाच्या केसमध्ये दार उघडं ठेवूनही ट्रिप झाला असता तर आम्ही परत 'आहे-नाही' च्या कागदावर गेलो असतो, आणि तो कागद होता म्हणून जाता आलं असतं. कागद नसेल तर माणूस मागे जात नाही, नवीन अंदाज करतो आणि नवीन पार्ट बदलतो.

आणि प्रत्येक गोष्टीला हे सगळं करू नका. बल्ब गेला तर बल्ब बदला. माझा हिशोब असा, तोच प्रॉब्लेम दुसऱ्यांदा आला, किंवा पहिल्या उपायाने गेला नाही, किंवा चुकलं तर परत फिरता येणार नाही असं काम आहे, या तिन्हीपैकी काहीही असेल तर कागद काढायचा.

तुमच्या बाबतीत मी सगळ्यात आधी हे करीन: मागच्या वर्षभरात सुटले नाहीत असे तीन प्रॉब्लेम घ्या, त्यांच्या फाइलमधलं किंवा मेलमधलं पहिलं वाक्य शोधा, जे होतं तसंच उतरवा, आणि त्यात आधीच घुसलेलं कारण किंवा उत्तर असेल तर त्याच्याखाली रेघ मारा. मग तेच वाक्य कारणाशिवाय लिहून त्याखाली दोन रकाने भरायला घ्या. 'नाही' च्या रकान्यात किमान पाच ओळी येईपर्यंत उठू नका. जिथे अडाल तिथलं वाक्य आणि दोन्ही रकाने इथे लिहा, मी बघून सांगतो.